सेउमालूच्या जमिनीवरची पाहुणी

१४ ऑक्टोबर २०१०, गुरुवार. फांगासेना गावाच्या किनारी रस्त्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तीन जीव होते. स्कूटरवर एक, पायी दोन. प्रार्थना संपली तेव्हा दोन उरले होते.

गेला तो इओआने, पन्नाशीचा मच्छीमार. त्याच्या मागून जाळ्याचे ओझे घेऊन येणारी त्याची बायको फिलोई वाचली. स्कूटरवरचा नॉर्वेचा तरुणही खांद्याचे हाड मोडण्यावर निभावला. त्याच्या देशात वाहने उजवीकडून जातात. सामोआतही ती तशीच जात असत, पण वर्षभरापूर्वी सरकारने ती डावीकडे नेली होती. वळणावर समोर माणूस दिसताच त्या तरुणाचा हात घाबरून घरच्या सवयीकडे वळला. स्कूटर मात्र घरची नव्हती, ती ग्लेनिस हॅडो या बाईच्या गेस्ट हाउसची होती.

गाव तिला केलेनीसी म्हणे. सामोअन जिभेला तिचे नाव तेवढेच पेलत असे. ती मूळची टास्मानियाची. दोन वर्षे शाळेत शिकवायला म्हणून आली आणि मुदत संपल्यावर परत गेली नाही. का गेली नाही, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. तिकडे तिची वाट पाहणारे कोणी नव्हते आणि इकडे सकाळी कोणीतरी हाक मारीत असे, एवढे कारण तिला पुरले. सेउमालू हा एका मोठ्या कुळाचा प्रमुख. त्याच्याकडून तिने किनाऱ्याची पट्टी भाडेपट्ट्याने घेतली, झावळ्यांच्या सहा झोपड्या आणि एक स्वयंपाकघर उभारले आणि फाटकावर पाटी लावली: ‘पाहुण्यांचे स्वागत’. त्याला आता एकोणीस वर्षे झाली होती. सेउमालू चौऱ्याहत्तरीला पोहोचला होता आणि साठीच्या केलेनीसीला अजून ‘पोरी’ म्हणे.

तिचा दिवस कोंबड्यांच्या आधी सुरू होई. पपया चिरायच्या, टाकीतले पाणी पाहायचे, चादरी वाळत घालायच्या. फुआतिनो ही स्वयंपाकाला असलेली विधवा नारळ खवता खवता रात्री कोणाच्या झोपडीत भांडण झाले ते सांगे. एकदा एका पाहुण्याने डोळे चोळीत येऊन विचारले होते, हे कोंबडे बंद कधी होतात? केलेनीसीने ते भाषांतर करून सांगितले.

“सांग त्याला,” फुआतिनो म्हणाली, “रविवारी. भट्टीत गेले की.”

नव्या पाहुण्याला केलेनीसी चार गोष्टी सांगत असे. संध्याकाळी घंटा झाली की आत बसायचे आणि प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर यायचे नाही. चालता चालता खायचे नाही. गावात जाताना गुडघे झाकायचे. वाहन डावीकडून चालवायचे. ही चौथी गोष्ट वर्षभरातलीच होती. त्या गुरुवारी पंप बंद पडला होता, हिशेबावरून एक जर्मन जोडपे तिच्याशी वाद घालीत होते, आणि नॉर्वेच्या मुलाने किल्ली मागितली तेव्हा तिने ती खिडकीतूनच त्याच्याकडे फेकली. चारपैकी एकही गोष्ट तिने सांगितली नाही.

पोलिसांनी जबाब घेतले. तरुणाला उपचारासाठी ऑकलंडला नेले आणि तिथून तो परस्पर घरी गेला. केलेनीसीला राजधानी आपिआहून विमा कंपनीच्या वकिलाचा फोन आला. मृताच्या घरी जाऊ नका, आणि वाईट वाटते, चूक झाली, असे काही बोलू नका, असे त्याने बजावले. बोललात तर तो कबुलीजबाब ठरेल. कायद्याने तुमचा संबंध एवढाच की वाहन तुमचे होते.

हा संबंध तिने मनाशी धरून ठेवला. बुडत्याला फळकूट मिळावे तसा तो होता, आणि वजन पडले तेव्हा फळकुटासारखाच हलला.

“तो माझा कोण गं?” ती फुआतिनोला म्हणाली. दोघी अळूचे कांदे सोलीत बसल्या होत्या. “गिऱ्हाईक. सहा रात्रींचे पैसे भरलेलं गिऱ्हाईक.”

“फाटकावर तर तू पाहुणे म्हणून लिहिलंयस.”

“तशी लिहायची पद्धत असते.”

“कुणाची? तुझ्या गावाकडची?” फुआतिनोने सुरी न थांबवता विचारले. “रंग उरलाय की मागच्या पडवीत. बदलून टाक. गिऱ्हाइकांचं स्वागत. बघू कोण उतरतंय ते.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“मी अळूच्या बाजूची. सोल नीट, अर्धा गर सालीबरोबर चाललाय.”

गावात तिला कोणी बोल लावला नाही. दुकानात तिला नेहमीसारखी पिठाची पिशवी मिळे, पण ती आत शिरली की चाललेले बोलणे थांबे. बसमध्ये उभी माणसे असतानाही तिच्या शेजारची जागा रिकामी राही. इओआनेचा थोरला मुलगा अपेलू मळ्यात जाईनासा झाला होता. तो दिवसभर घराच्या जोत्यावर रस्त्याकडे तोंड करून बसे. आपल्याला हाकलून देतील, अशी भीती तिला वाटू लागली. भीती खरी होती, पण तिची दिशा चुकीची होती, हे तिला पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी कळले.

“उद्या पहाटे सेउमालू जातोय,” फुआतिनो म्हणाली.

“कुठे?”

“चटईखाली.”

केलेनीसीला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. एवढ्या वर्षांत तिने हा विधी एकदा लांबून पाहिला होता. त्याला इफोंगा म्हणतात. ज्या घराने जीव घेतला त्या घराचा प्रमुख उजाडायच्या आत मृताच्या दारासमोर जाऊन बसतो. डोक्यावर बारीक चटई ओढून घेतो आणि मान खाली घालतो. आतल्यांनी चटई उचलली तर क्षमा झाली. दगड घेऊन किंवा कोयता घेऊन बाहेर आले, तरी त्यांना अडवण्याचा अधिकार त्याला नसतो. चटई ही काही बसायची नव्हे. केवड्याच्या पानांच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या काढून बाया महिनोन्‌महिने ती विणतात. लग्नात, मरणात आणि अशा पहाटे तेवढी ती पेटीबाहेर निघते.

ती तशीच सेउमालूकडे गेली. तो खांबाला टेकून बसला होता आणि त्याची बायको पेटीतल्या चटया उलगडून वाऱ्यावर धरीत होती.

“तुम्ही का जाताय? तुमचा काय दोष?”

“दोष ज्याचा तो विमानात बसून गेला. आता चटईखाली विमान बसवू होय?”

“मग मी जाते. स्कूटर माझी होती.”

“चटई आहे तुझ्याकडे?”

तिने उलगडलेल्या चटयांकडे पाहिले.

“आहेत की,” म्हातारी म्हणाली. “सहाही दारांत आहेत. पाय पुसायला.”

सेउमालू हसला, मग खोकला. “हे बघ पोरी. जमीन माझी. तू माझ्या जमिनीवर. तुझ्याकडे उतरला तो माझ्याकडे उतरला. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“भाडेपट्ट्यात असं कुठेही लिहिलेलं नाही.”

“भाडेपट्टा वकिलानं लिहिला, मी सही केली, आणि वाचला तू एकटीनं.”

यावर तिला हसू आले नाही. अपेलूचे जोत्यावर बसणे तिला आठवले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या जोत्यासमोर मान खाली घालून बसणार होता, आणि ज्या दोन शब्दांनी कदाचित सगळे टळले असते ते न बोललेली बाई त्या वेळी पपया चिरीत असणार होती. आपल्याला गावातून काढतील का, हा प्रश्न त्या क्षणी तिच्या लेखी लहान झाला. आपले कृत्य दुसऱ्याच्या मानेवर जाऊ द्यायचे का, एवढाच प्रश्न उरला.

“मी येणार,” ती म्हणाली. “वकील काही म्हणू दे.”

“ये. वकिलालाही आण, चटई मोठी आहे. पण तिथं बोलायचं नाही.”

पहाटे अंधुक उजेडात ते इओआनेच्या दारासमोर बसले. पुढे सेउमालू, त्याच्यामागे त्याचे दोन मुलगे, आणि डाव्या बाजूला केलेनीसी. फुआतिनोने स्वतःच्या आईच्या हातची चटई आणून काही न बोलता तिच्या डोक्यावर घातली आणि ती मागे निघून गेली. चटईखाली केवड्याचा आणि जुन्या पेटीचा वास होता. खडी गुडघ्यात रुतत होती. आत कोणी खोकले, कोणी चूल पेटवली. बाहेर कोण बसले आहे हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि कोणी बाहेर येत नव्हते.

ऊन चढू लागले तसा तिला श्वास पुरेना.

“सेउमालू,” ती कुजबुजली. “मी त्या मुलाला सांगितलंच नव्हतं. डावीकडून चालव म्हणून. रोज सगळ्यांना सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं.”

शेजारची चटई किंचित हलली.

“गप,” तो म्हणाला. “आपण चूक सांगायला नाही आलो. मान खाली घालायला आलोय. मान खाली आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर. माझा पाय मेलाय. देव करो आणि अपेलूनं त्यावरच घाव घालावा, मला कळायचं पण नाही.”

एवढ्यात जोत्यावर पावले वाजली. चटईच्या विणीतून तिला अपेलूचे पाय दिसले, आणि पायाशेजारी लोंबणारे कोयत्याचे पाते. ते पाय सेउमालूसमोर येऊन थांबले. कोणी हलले नाही. म्हाताऱ्याच्या चटईची कड थरथरत होती. वाऱ्याने असेल, असे तिने मनाला सांगितले, पण वारा नव्हता.

घरातून फिलोईचा आवाज आला. “अपेलू, तुझ्या बापानं या म्हाताऱ्याच्या होडीतून मासे धरलेत रे.”

कोयता मातीत पडला. अपेलू खाली बसला, त्याने दोन्ही हातांनी सेउमालूच्या डोक्यावरची चटई उचलली आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून तो लहान मुलासारखा रडू लागला. इओआनेचा भाऊ लाफाएले बाहेर आला आणि त्याने सेउमालूच्या मुलांना उठवले. सगळे एकदम बोलू लागले, रडू लागले. केलेनीसी आपल्या चटईखाली वाट पाहत राहिली.

तिची चटई फिलोईने उचलली.

“अगं बाई! तू कशाला बसलीस उन्हात? बघ, कशी लाल झालीस. ऊठ, ऊठ.”

“मी माफी मागायला...”

“पाहुण्यांकडून कुणी माफी घेतं का?” फिलोईचे डोळे सुजलेले होते आणि आवाजात राग मुळीच नव्हता. “सेउमालूनं दिली, आम्ही घेतली. संपलं ते. तू आत चल, कोको घे.”

“फिलोई, ऐक. माझी चूक...”

“फुआतिनोची ना गं ही चटई? नीट घडी घाल हं, तिच्या आईच्या हातची आहे.”

तिला घरात नेले आणि बाहेरून आलेल्यांना देतात त्या मानाच्या खांबाशी बसवले. पहिला पेला तिला मिळाला. पलीकडे सेउमालू त्या घरच्या माणसांमध्ये दाटीवाटीने बसला होता, अपेलूचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि लाफाएले त्याला चारचौघांत खडसावीत होता: “वर्षभर सांगतोय, त्या वळणावरची झुडपं तोडा म्हणून. तुझ्याच हद्दीत आहेत ना रे म्हाताऱ्या?” सेउमालू ते मान डोलावून ऐकून घेत होता. केलेनीसीशी मात्र सगळे हळू आणि आदराने बोलत होते. तिला कोणी खडसावले नाही.

कायद्याने तिची जबाबदारी इतकी लहान केली होती की ती खिशात घालून कोणीही निघून जावे. गावाने तीच जबाबदारी वाढवीत नेली, ती पेलणारा माणूस सापडेपर्यंत. यातली दुसरी रीत अधिक माणुसकीची आहे, हे केलेनीसीने त्या सकाळी डोळ्यांनी पाहिले. पण त्या रीतीत दोषी ठरण्यासाठीही आधी आपले असावे लागते. जमीन आपली, कूळ आपले, पेटीतली चटई आपली. जिला हे काही नाही तिला गाव क्षमा करू शकत नाही, फक्त कोको देऊ शकते. एकोणीस वर्षे जे प्रेम तिने आपलेपणा म्हणून घेतले होते ते खोटे नव्हते. ते पाहुणचाराचे होते, आणि पाहुणचारात त्या लोकांनी कधी कसूर केली नव्हती.

ती स्वस्थ बसली नाही. पुढल्या आठवड्यात तिने फिलोईकडे डबाबंद माशांचे खोके आणि साखरेचे पोते पोहोचवले. दुसऱ्या दिवशी भाजलेले डुक्कर, नीरफणस आणि अळूच्या दोन टोपल्या केलेनीसीच्या स्वयंपाकघरात आल्या. तिने अपेलूच्या घरी लोखंडी पत्रे पाठवले, तर त्याने भावांना घेऊन येऊन तिच्या तीन झोपड्यांची छपरे नव्याने शाकारली आणि मजुरी घेतली नाही.

“तू देत जा,” फुआतिनो म्हणाली. “ते बिचारे कर्जात बुडतील एक दिवस, पण तुझं काही ठेवून घ्यायचे नाहीत.”

“मग मी करू काय?”

“काय करशील? आईच्या पोटातून परत ये, इकडच्या बाजूनं.”

नाताळच्या आधी एका सकाळी तिला फिलोई ओहोटीच्या वाळूत शिंपले वेचताना भेटली. केलेनीसीने तिला थांबवून एका दमात सांगितले: त्याला डावीकडून चालवायला मी सांगितले नव्हते, सांगायला हवे होते, मी कंटाळले होते. फिलोईने कमरेवर हात ठेवून सगळे ऐकले.

“त्याला काय डोळे नव्हते?” ती म्हणाली. मग टोपलीतले मोठे मोठे शिंपले निवडून तिने केलेनीसीच्या ओंजळीत घातले. “घे. तुझ्या लोकांना आवडतात.”

गेस्ट हाउस चालू आहे. इओआनेच्या मृत्यूबद्दल सेउमालूच्या घराने तीन बारीक चटया, दोन डुकरे आणि वळणावरची जमीन दिली आणि प्रकरण मिटले. विमा कंपनीने स्कूटरची भरपाई दिली. नॉर्वेच्या तरुणाने काही दिले नाही, त्याच्याकडे कोणी मागितलेही नाही. ग्लेनिस हॅडो काही देणे लागते असे फांगासेनात कोणी मानत नाही. ते देणे अजून फिटलेले नाही.