काट्यापेक्षा हात खरा

जन्मभर यंत्रं दुरुस्त करून एकाही यंत्रावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज आहे. भिंतीवर घड्याळ आहे, पण जेवायची वेळ ते दारातल्या सावलीवरून ठरवतात. घरात कुणाला ताप आला की थर्मामीटर बाजूला सारून कपाळावर पंजा ठेवतात आणि "शंभराच्या वर न्हाई" असा निकाल देतात. तो कधी चुकत नाही, याचाच मला राग येतो. गाडी आली तरी तेच. आधी बॉनेटवर हात, मग पाइपवर हात, आणि तोवर मालकानं तोंड उघडायचं नाही.

दुष्काळाच्या वर्षी मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. पिकं गेली होती, घरोघरची चूल दुधावर पेटत होती आणि ते शीतकरण केंद्रावर नेणारी गाडी एकच. एकदा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून सकाळी मीच कॅन घेऊन निघालो. गाव मागे पडतंय तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. घाबरून गाडी थांबवली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि प्यायचं पाणी ओतलं, तर ते सगळं खाली सांडलं. कशीबशी गाडी साडूंच्या दारात नेली. इंजिनाचं राहिलं बाजूला, पाणी सांडलं म्हणून ते आधी माझ्यावर उखडले. "सांडलं मंजी टाकी भरलेली व्हती की. दुष्काळात तुमाला समद्यालाच तहान लागलेली दिसती."

मग डोळे मिटून पाइपवर हात ठेवला. ऊन चढत होतं, माझा जीव कॅनमध्ये. त्यांनी अंगठ्याएवढ्या सेन्सरची वायर उपटली. काटा खाली पडला. परत जोडली, काटा लाल. "गाडी थंड हाय, पाव्हणं. ह्योच खोटं बोलतोय." नवा सेन्सर बीडहून यायला संध्याकाळ होणार आणि दूध दुपारपर्यंतही टिकणार नव्हतं. पण हाताचा अंदाज चुकून इंजिन जळालं असतं तर संस्थाच बसली असती. साडूंनी काट्यावर चिकटपट्टी लावली, शेजारी बसले, आणि दर दोन-तीन मैलांवर उतरून पाइप चाचपत मला केंद्रापर्यंत नेलं. एकही कॅन नासला नाही.

परवा गेलो तेव्हा एक मोटार दारात उभी होती. साडूंनी मला बॉनेटआड ओढलं आणि हळूच म्हणाले, "जरा ह्या पाइपला हात लावा. गरम हाय का?" साखरेच्या आजारानं त्यांचे तळवे बधिर झालेत, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. मी पाइपवर हात ठेवला. कोमट आहे, म्हणालो. त्यांनी माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला, सवयीनं डोळे मिटले.

"नक्की ना?"

"नक्की."

मग हात पुसत ते बाहेर आले आणि माझ्या शब्दावर त्यांनी ती मोटार सोडली.