गादीवाल्या खालाचा दाखला

गादीवाली खाला कुणाच्याही घरी कामाला गेली की तिचं पोट भरलेलं असायचं. म्हणजे ती तसं सांगायची. घरच्या बाईनं "खाला, चहा-पोळी घेता का?" म्हटलं की हिचा हात लगेच वर. "आत्ताच जेवून आली ना वं बाई, आता जागा नाई." आणि तोंडात बडीशेप चघळत असायची, जेवण झालेल्या माणसासारखी. बडीशेपेची पुरचुंडी तिच्या कमरेला कायम खोचलेली असे.

मी तिच्यासोबत सहा वर्षं गाद्या शिवल्या. पहिल्या वर्षी मलाही ते खरंच वाटलं. मग एका दुपारी कापूस झोडपताना तिच्या हातातून काठी सुटली आणि ती भिंतीला टेकून बसली. मी माझी अर्धी भाकर पुढं केली. तिनं माझ्याकडं पाठ फिरवली आणि दाराआड बसून ती खाल्ली. पदरानं तोंड पुसून परत आली, लगेच बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाली, "सुमन, पोटाची गोष्ट पोटातच राह्यली पाह्यजे. बाहेर निंगाली का लोक तिले हातात घेऊन पाह्यतात."

तेव्हापासून मी समजले. ज्या दिवशी बडीशेप जास्त, त्या दिवशी चूल नाही.

खालाचं माहेर गिरडचं. नवरा पिंजारी होता. तो गेल्यावर त्याची कापूस पिंजायची धनुकी कोपऱ्यात उभी राहिली, कारण आता पिंजायला यंत्र आहे. कापूस यंत्रावरून पिंजून आणायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे, एवढं काम आमच्याकडं उरलं होतं. भरताना ती आधी चारही कोपरे भरायची. मी नवी असताना आधी मधलाच भाग भरायला लागायचे, तर हातावर चापट बसायची. "मधातलं कोनीबी भरते. कोपऱ्याले कोन पाह्यते?"

जुनी गादी उसवली की घर कळतं, असं ती म्हणायची. आधी ज्या घरची गादी पांढऱ्याशुभ्र कापसाची असे, त्याच घरून चार वर्षांनी अर्ध्या चिंध्या निघत. वरची खोळ मात्र नवी, फुलाफुलांची. खाला त्या चिंध्या नीट पसरून परत आत भरायची आणि घरमालकिणीला सांगायची, "कापूस चांगला हाय बाई तुमचा, अजून दहा वर्सं जाते." बाहेर पडल्यावर मलासुद्धा त्या घराबद्दल ती अवाक्षर बोलत नसे. गावात इतक्या घरांची अंथरुणं तिनं आतून पाहिली होती, पण कुणाचं काही तिच्या तोंडून बाहेर आलं नाही.

गावातल्या दुकानवाल्या शेठच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आम्ही अकरा गाद्या शिवल्या. पंधरा दिवस त्यांच्या वरच्या माडीवर बसून. खाला स्वतः जमिनीवर गोधडी टाकून झोपायची, आणि ती गोधडी म्हणजे गिऱ्हाइकांच्या उरलेल्या खोळींचे तुकडे. मी एकदा म्हटलं, खाला, एक गादी आपल्याला का नाही शिवत? ती हसली. "मंग सकाळी उठावं वाटन काय वं मले?"

तिची एकच मुलगी, शमीम. बारावीला चांगले मार्क पडले आणि वर्ध्याला नर्सिंगला नंबर लागला. फी मोठी होती, पण अशा घरच्या मुलींना सरकारची शिष्यवृत्ती मिळते असं कॉलेजात सांगितलं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. आधी तलाठ्याकडं जाऊन वर्षाची कमाई सांगायची, मग पुढं तहसीलमध्ये. खाला मला साक्षीला घेऊन गेली.

तलाठ्याच्या खोलीत बाकावर चारपाच माणसं बसलेली. त्यांत शेठ. शमीमच्या शिष्यवृत्तीचं काम आहे हे ऐकल्यावर तो शेजारच्या माणसाला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, "या लोकायचं बरं हाय. राशन फुकट, शिकनं फुकट. आपल्यालेच साऱ्याचे पैसे लागते."

खालानं पदर नीट केला. "फुकट नाई पाह्यजे आमाले. कमावतो आमी."

"मंग सांगा, किती कमावता वर्षाचं?" तलाठीसाहेबांनी पेन उचललं.

खालानं असा आकडा सांगितला की तेवढे पैसे आमच्या दोघींच्या घरात मिळूनसुद्धा कधी आले नव्हते. मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. साहेब हसले. "खाला, तुमी तं मालदार निंगाल्या!" बाकावरचे सगळे हसले. खालाही थोडं हसली. साहेबांनी लिहून घेतलं.

रस्त्यात मी विचारलं, "एवढं काऊन सांगितलं?"

"त्याच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या मी शिवल्या. त्याच्यासमोर कटोरा धरू काय मी?" मग म्हणाली, "आन् आपलं घर बरं हाय म्हटलं तं कालेजवाले पोट्टीले बी बरंच वागवतीन ना."

तिला खरंच तसं वाटत होतं. मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

दाखला आला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कमाई जास्त आहे, या घराला बसत नाही म्हणाले. शमीम तो कागद घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "अम्मी, ये क्या लिखवा के लाई तू?" खाला कापूस उकलत होती, उकलतच राहिली. फॉर्मची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. नाही जमलं तर पूर्ण फी भरा, नाहीतर जागा सोडा. शमीम रडली नाही. आतल्या खोलीत जाऊन तिनं पुस्तकं एका कापडात बांधली. ते पाहून खाला उठली आणि चप्पल घातली.

तलाठ्याच्या खोलीत त्या दिवशीही माणसं होती, त्यांत दोन बाया आमच्याच गिऱ्हाईक. साहेब वैतागले. "महिन्याभरात कमाई कमी कशी झाली? तवा खरं होतं का आता खरं हाय? मी काय खोटं लिहून देऊ?"

खाला उभी होती. तिनं बाकावरच्या त्या दोघींकडं पाहिलं आणि पदर नीट केला. साहेबांनी दुसऱ्याचा कागद पुढं ओढला.

मी दाराशी उभी होते, जशी सगळीकडं उभी राहते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी कसा निघाला, देवाला ठाऊक. म्हटलं, "साहेब, मी या खालासंगं काम करते. पावसाचे चार महिने गादीचं काम नसते. बाकीच्या दिवसात आठवड्याच्या दोन गाद्या, त्याबी आता लोक फोमच्या आनतात." तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण उघडलेलं तोंड मला मिटता आलं नाही. शमीमच्या अंगावरचे कपडे कुणाकुणाच्या घरचे आहेत ते सांगितलं. चूल किती दिवस पेटत नाही ते सांगितलं. खाला कामावर बडीशेप का खाते, तेही सांगितलं.

"अगं बाई!" बाकावरची एक बाई म्हणाली. साहेबांनी नवा कागद घेतला आणि लिहून दिलं.

परत येताना खाला माझ्यापुढं चालत होती. हापशीपाशी थांबली, वळली. रागावलेली नव्हती, ते मला जास्त लागलं. "बडीशेपचं काऊन सांगितलं वं? गाद्यायचं सांगून भागलं नसतं काय?"



शमीमचा प्रवेश झाला. पण गावात खाला कामाला गेली की बाया ताट वाढूनच ठेवू लागल्या. "खाला, आज खरंच खाल्लं का? लाजू नका बरं." चांगल्या मनानंच म्हणत. खालानं एकेक घर सोडलं. एसटीनं लांबच्या गावांना जाऊन गाद्या भरू लागली, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. मला सोबत नेत असे, पण आधीसारखं बोलत नसे.

पुढं शमीमला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती आईला घेऊन गेली. मी स्टँडवर पोचवायला गेले होते. बसमध्ये चढण्याआधी खालानं माझा हात धरला. "पोट्टी शिकली ते तुह्यामुळं. नमाजात तुहं नाव घेते मी." मग म्हणाली, "पन त्या दिवसापासून या गावात मले 'जेवून आली' म्हनता नाई आलं, सुमन." बस सुटली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला.

दोन वर्षांनी ती तिकडंच वारली. मला शमीमच्या फोनवरून कळलं.

यंदा माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी मी त्याच खोलीत गेले. साहेब नवे आहेत. बाक तोच, माणसं तशीच. "बाई, वर्षाचं उत्पन्न किती?" त्यांनी विचारलं. मागं माझ्या जावेचा भाऊ बसला होता. खालाचं सगळं घर ज्या तोंडानं मी त्या खोलीत मांडलं होतं, त्या तोंडातून माझ्या घराचा एक आकडा निघेना.

मी साहेबांकडं कागदाचा तुकडा मागितला. टेबलावर वाकून, हाताचा आडोसा करून आकडा लिहिला आणि त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि फॉर्मवर उतरवून घेतला. मागं कुणाला काही कळलं नाही.

खालाला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. मी तोंड उघडलं त्या दिवशीही तिथं टेबलावर पेन होतं.