चांदभाईचं अंडरटेकिंग

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात घोडेगावजवळच्या एका वाडीची पिण्याची विहीर पार तळाला गेली. चांदभाई शेख खाली उतरला, खडकावर दोन-चार जागी पहार आपटून वर आला आणि म्हणाला, "पानी हाय. अजून दोन परस, म्हंजी दोन मानसं खोल, खाली जावं लागंल." वीस वर्षं विहिरी खोदलेला माणूस, खडकाच्या आवाजावरून त्याला कळायचं.

तालुक्याहून आलेल्या ओव्हरसियरनं मात्र एका बाजूचं फुगलेलं दगडी बांधकाम पाहिलं. "हे ढासळलं तर? काम करणाऱ्याला अंडरटेकिंग द्यावं लागेल."

चांदभाईनं हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता, आणि न समजलेल्या कागदावर तो अंगठा उठवत नसे. तो तडक शाळेत गेला. सहादेव मास्तरांनी शब्दकोश काढला.

"एक अर्थ, काम अंगावर घेणं. दुसरा, हमी देणं." मास्तर जरा घुटमळले. "त्यातूनच निघालेला आणखी एक शब्द आहे, अंडरटेकर. विलायतेत मयताची व्यवस्था बघणारा."

चांदभाई मोठ्यानं हसला. "मंग तिन्ही कामं माझीच की! कब्रस्तानातली खोदाई बी मीच करतो. पर कागदावर पहिली दोनच लिवा. तिसऱ्याची पाळी मी येऊ देनार न्हाई. आन अजून एक लिवा, खाली कोन उतरंल आन कवा वर येईल, ते मी ठरवनार."

ओव्हरसियरनं भुवया उंचावल्या, पण कागद घेतला.

पहिले पाच दिवस चांदभाईनं खोदकामाला हातच लावला नाही. फुगलेलं बांधकाम एकेक दगड करून उतरवलं. रहाटावरची रंगुबाई वैतागली. "आरं, पानी काढायला आलो का दगडं काढायला?"

"आदी मानसं, आक्का. मंग पानी."

खोदाई सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी दुपारी त्याच्या मानेवर बारीक मुरूम सांडला. त्यानं वर पाहण्यातही वेळ घालवला नाही. "समदे वर! हत्यारं ऱ्हाऊ द्या!" खाली खोदणारे चौघं गडी दोराला धरून चढले, शेवटी तो. तो काठावर येतो न येतो तोच समोरची बाजू धडाडून खाली आली.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर काम थांबवायला आला. चांदभाई शांतपणे म्हणाला, "सायेब, काल मानूस गेला का? न्हाई. जे पडायचं ते पडलं, आता धोका कमी झाला. खाली येऊन बगा, मी हाय संगं."

ओव्हरसियर खरंच उतरला. कडा हातानं चाचपून वर आला आणि म्हणाला, "चालू द्या."

ढिगारा उपसायला चार दिवस गेले. पुढच्या आठवड्यात छिन्नीखालच्या फटीतून करंगळीएवढी धार लागली. चांदभाईनं पहिली बादली वर धाडली. रंगुबाईनं गाळ खाली बसू दिला, ओंजळ भरून प्याली आणि काठावरून ओरडली, "गोड हाय रे!"

"मंग बादली धाडा की माघारी," खालून आवाज आला. "काम व्हायचंय अजून!"