ओझेलाचं निकेलचं पिस्तूल

ड्युइट यूबँक्सच्या बंदुकीच्या दुकानात बाई एकटी शिरली की काउंटरला रेललेली माणसं आधी तिला गुलाबी मुठीचं काहीतरी दाखवायला धावतात. ओझेला प्रॅथरला कुणी दाखवत नाही. जिल्ह्याच्या नेमबाजीत तिनं त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या बायकापोरांदेखत हरवलं होतं. वर कुणी ‘आज वारा फार होता’ म्हणालं तर ‘मग तो फक्त तुमच्याच अंगावर येत होता वाटतं’ असं विचारायलाही ती कमी करायची नाही.

त्या शुक्रवारी शाळेची बस जागेवर लावून ती निशाण्याचे कागद घ्यायला आली होती. दाराशी उकडलेल्या शेंगांचं पातेलं रटरटत होतं. तिनं कागद घेतले, पेलाभर शेंगा घेतल्या आणि निघता निघता तिची नजर काचेखाली गेली.

छोटंसं पिस्तूल होतं, पंजाच्या आत मावेल एवढं. कंपनीनं ते बनवणं कधीच बंद केलं होतं. या जातीचं काळं पिस्तूल ओझेलानं पूर्वी पाहिलं होतं, हे मात्र निकेलच्या मुलाम्याचं होतं. मुलामाही झगझगीत नव्हता, चांदीचा चमचा वर्षानुवर्षं वापरून मऊ होतो तसा. पण तिचं लक्ष मुलाम्याकडे नव्हतं. नळीच्या बाजूला एक छोटी कळ होती, तिच्याकडे होतं. ती कळ अंगठ्यानं दाबली की नळीचं मागचं टोक आपोआप वर उचललं जातं. त्यात गोळी ठेवायची, नळी खाली दाबायची, झालं. इतर पिस्तुलांसारखी गोळी भरायला वरची सरकती स्लाइड मुठीत आवळून मागे खेचायची गरजच नाही.

तिनं विचारलं, हे कुठून आणलंत. ड्युइट म्हणाला, सवाना शहराकडचा एक दातांचा डॉक्टर वारला, त्याच्या मुलीनं खोक्यासकट विकायला आणलं. काळी पुष्कळ निघाली होती, पण ती लोकांनी आपापल्या म्हाताऱ्या बायकांसाठी उचलली आणि आता कुणी विकायला काढत नाही. निकेलची निघाली थोडी. जी निघाली ती मौल्यवान म्हणून कपाटात बसली. या पिस्तुलातून आजवर एक गोळी सुटलेली नाही, हे सांगताना त्याचा आवाज चर्चमध्ये बोलल्यासारखा खाली आला.

त्यानं काउंटरवर हिरवा कपडा अंथरला, त्यावर पिस्तूल ठेवलं आणि हात मागे घेतला. ओझेला बघतच राहिली. या मुलखात कुणीही कुणाच्या हातात बंदूक देताना आधी ती उघडतो, आत गोळी नाही हे स्वतः बघतो, समोरच्याला दाखवतो आणि मगच देतो. सहा वर्षांच्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही, ते बघून बघून येतं. आणि ड्युइटसारख्या माणसानं बंद पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं होतं.

“उघडून द्या की,” ती म्हणाली.

ड्युइटनं पिस्तुलाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी तिच्याकडे वळवली. उघडू नये, चाप ओढू नये, असं त्यावर लिहिलेलं. एकदा जरी उघडझाप केली तरी नळीवर घासल्याची बारीक रेघ उठते, ती रेघ गिऱ्हाईक भिंगानं शोधतं आणि किंमत धाडकन खाली येते. ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्यानं स्वतः श्वास रोखून एकदा उघडून पाहिलं होतं, तेवढंच. मेकन शहरातल्या एका संग्राहकाचा फोन येऊन गेला होता, तो उद्या दुपारी बघायला येणार होता.

“पण तुम्ही समोर उभ्या राहून विचारलंत,” ड्युइट म्हणाला, “तेव्हा उद्या बारापर्यंत हे तुमचं, मिस ओझेला. त्यानंतर त्याचं.”

दुकानाचा रिवाजच तसा होता. समोर येऊन विचारणाऱ्याचा हक्क पहिला, फोनवाल्याचा दुसरा. त्याला ना पैसे लागत, ना सही.

किंमत दोन चांगल्या नव्या पिस्तुलांएवढी होती. आपल्या गाडीत शिरून ओझेला बराच वेळ किल्ली न फिरवता बसली. शेंगा गार झाल्या.

तिचे हात गेल्या हिवाळ्यापासून दगा देत होते. तसे ते आधीच अर्धे गेलेले. बस चालवायला लागण्याआधी ती गावाबाहेरच्या कोंबडीच्या कारखान्यात चौदा वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. थंडगार खोलीत, कात्री हातात, समोरून मारलेल्या कोंबड्या कापायला येतायत आणि हात थांबला तर मुकादम ओरडतोय. सगळ्याजणींची बोटं रात्री सुजायची. कारखान्याची नर्स मलम लावायची आणि परत पट्ट्यावर पाठवायची. घरकाम फार करता वाटतं, असंही वर म्हणायची. तिथून निघाल्यावर ओझेलानं हाताचे जेवढे पांग फेडता येतील तेवढे फेडले. नेमबाजी स्वतः शिकली, जिंकली, आणि मग दोन चर्चमधल्या बायका गोळा करून दर शनिवारी जुन्या खडीच्या खाणीत शिकवायला लागली. या बायकांची घरं लांब लांब, एकेकटी. शेरीफच्या पोलिसाला फोन केला तर त्याला यायला पाऊण तास, आणि आल्यावर प्रश्न असा की तुम्ही दार नीट लावलं होतं का.

आणि आता शिकवणारणीलाच स्वतःच्या पिस्तुलाची स्लाइड मागे खेचता येत नव्हती. हे कुणालाही ठाऊक नव्हतं. दर शनिवारी निघण्याआधी ती स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला पिस्तूल अडकवून, सगळं अंग टाकून स्लाइड मागे ढकलायची, खटका लावून ती तशीच उघडी अडकवायची आणि खाणीत घेऊन जायची. तिथे फक्त खटका पाडायचा. बघणाऱ्याला वाटावं, शिस्तीची बाई, पिस्तूल उघडंच आणते.

रात्री जेवताना ती स्वतःशीच भांडली. घ्यावं, तर ज्या कोरेपणाचे पैसे मोजायचे तो पहिल्या शनिवारीच घालवायचा. म्हणजे नवी कोरी रजई घेऊन तिनं फरशी पुसायची. न घ्यावं, तर आणखी किती दिवस ओटा पुरणार. बरं, हाताला जमतंय का हे पाहावं, तर उघडायची बंदी. आणि या सगळ्याखाली खरी गोष्ट निराळीच होती. हे पिस्तूल कुणासाठी हे काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. हात गेलेल्या म्हाताऱ्यांचं पिस्तूल. ते घेऊन बायकांसमोर उभं राहणं म्हणजे तोंडानं सांगण्यासारखंच होतं. आणि ज्या बाईच्या हातात जोर नाही तिच्याकडून कोण काय शिकणार? ती झोपायला गेली ती ‘मेकनवाल्यालाच जाऊ दे’ असं ठरवून.

शनिवारी सकाळी खाणीत आठनऊ बायका जमल्या होत्या. ओझेलानं आपलं उघडं पिस्तूल लाकडी बाकावर ठेवलं आणि नव्या आलेल्या एका बाईला उभं राहण्याची पद्धत दाखवायला वळली. त्या बाईची पर्स बाकाला लागली, पिस्तूल घसरून आडवं पडलं आणि खटका सुटून स्लाइड खाडकन बंद झाली.

आता ते उघडल्याशिवाय पुढे काही होणार नव्हतं. ओझेलानं उचललं, नळी मातीच्या बांधाकडे धरली, डाव्या हातानं स्लाइड पकडली. बोटं घसरली. पुन्हा पकडली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिनं दात आवळले. स्लाइड जागची हलली नाही. 

“इकडे दे,” रुबीनेल स्टोक्स पुढे आली. रुबीनेल तिच्याबरोबर पट्ट्यावर होती, चर्चमध्ये शेजारी बसायची आणि सगळ्या गावात ओझेलाला नावानं हाक मारून अगंतुगं करायची हिंमत फक्त तिलाच होती. तिनं पकडलं, खेचलं, तोंड वाकडं केलं. तिच्याच्यानंही झालं नाही. मग ती हसायलाच लागली.

“मी तरी कशाला पुढे आले,” ती म्हणाली. “आपण दोघी मिळून एक धड हात नाही, ओझेला.”

ओझेला हसली नाही. ती चिडून म्हणाली, की तू कधीपासून अशी, आणि मला बोलली का नाहीस. रुबीनेल म्हणाली, तू बोललीस का?

मग एकेकीचं बाहेर आलं. एकजण नवऱ्याकडून घरीच स्लाइड खेचून आणत होती. एकजण मुद्दाम उशिरा यायची, म्हणजे तोवर दुसरीचं उघडलेलं आयतं मिळायचं. आणि अर्था गेन्स, जी वसंतात अचानक यायची बंद झाली होती आणि जिला ओझेलानं सगळ्यांसमोर आळशी म्हटलं होतं, तिनं रुबीनेलला सांगितलं होतं की मिस ओझेलासमोर माझे हात उघडे पडण्यापेक्षा मी घरी बसते. या सगळ्याजणी कारखान्यातल्या. एकाच खोलीत, एकाच गारठ्यात हात घालवलेल्या, आणि आठवड्यातून एकदा एकमेकींसमोर मजबूत असल्याचं नाटक करत होत्या.

ओझेलाला कारखान्याचा राग आला, तो जुना होता. पण अर्थाचं ऐकून आलेला राग नवा होता, आणि तो कुणावर काढावा हे शोधावं लागलं नाही. तिनं नव्या बाईला स्लाइड उघडायला लावली. ती तरणी होती, तिनं पटकन उघडली. रिकामी नळी सगळ्यांना दाखवून ओझेलानं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि तास तिथेच संपवला.

“गाडीत बस,” ती रुबीनेलला म्हणाली.

“कुठे?”

“ड्युइटकडे. बारा वाजायच्या आत.”

ड्युइटनं परत तो हिरवा कपडा अंथरला, परत बंद पिस्तूल ठेवलं. ओझेला म्हणाली की मला ते उघडून बघायचंय, माझ्या अंगठ्याला झेपतं का ते. ड्युइटचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं सरळ सांगितलं, की रेघ उठली की मेकनवाला हात लावणार नाही, आणि तुम्हीही घेतलं नाहीत तर मी बुडालो.

“मिस्टर ड्युइट,” ओझेला म्हणाली, “बंदूक न उघडता दुसऱ्याच्या हातात देणाऱ्याला तुमच्या वडिलांनी याच दुकानातून कानाला धरून हाकललं होतं. मी इथे उभी होते.”

काउंटरला टेकलेल्यांपैकी एकजण खोकला. 

ओझेलानं पेटी काउंटरवर ठेवली आणि आपलं पिस्तूल बाहेर काढलं. याच पिस्तुलानं तिनं जिल्हा जिंकला होता. मुठीच्या लाकडाला तिच्या तळव्याचा आकार आला होता. ड्युइटनं ते मागे एकदा विकत मागितलं होतं, तेव्हा तिनं त्याला तुमचं दुकान विकता का असं विचारलं होतं.

“हे घ्या,” ती म्हणाली. “उरलेले पैसे देते. आधी विकत घेते, मग उघडते. नाही झेपलं तर माझं मी बघेन. ती रेघ माझी, तुमची नाही.”

रुबीनेलनं तिची बाही ओढली आणि कुजबुजली, की अगं, चाचपून तरी बघ, हे गेलं की तुझ्याकडे काहीच नाही. ओझेला म्हणाली, चाचपायलाच तर विकत घ्यावं लागतंय, या लोकांचं डोकं असं आहे.

ड्युइटनं तिचं पिस्तूल उचललं, उघडलं, तिला दाखवलं आणि मागे ठेवलं. कागद झाले. त्यानं स्वतः कात्री घेऊन निकेलच्या पिस्तुलाची चिठ्ठी कापली. मग जणू जखमेवरची पट्टी काढतोय अशा हातानं कपडा तिच्याकडे सरकवला.

ओझेलानं ते उचललं, नळी भिंतीकडे केली. अंगठा कळीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी नेहमीची सणक उठली आणि तिला वाटलं, नाही होत. ती दाबतच राहिली. टक् असा बारीक आवाज झाला आणि नळीचं मागचं टोक असं अलगद वर आलं, जसं घरातलं कुणी झोपेतून मान उचलून बघावं. आत रिकामं होतं. ओझेलानं आधी स्वतः पाहिलं, मग रुबीनेलला दाखवलं, मग ड्युइटला, आणि मग त्या खोकणाऱ्यालाही.

तिनं नळी खाली दाबून बंद केली. परत उघडली. परत बंद केली. आणि रुबीनेलच्या हातात उघडंच दिलं.

“देवा,” रुबीनेल म्हणाली. “हे तर मलाही येतंय.” तिनं चारदा केलं. ड्युइट शेंगांच्या पातेल्याकडे बघत होता.

मेकनवाला पावणेबारालाच पोहोचला. पांढरे सुती हातमोजे घरूनच घालून आला होता. पिस्तूल रुबीनेलच्या उघड्या हातात बघून तो दारातच थबकला. ड्युइटनं सांगितलं की विकलं गेलं. त्यानं ओझेलाला तिथल्या तिथे वाढवून किंमत दिली. फार तर एक रेघ उठली असेल, ती मी सोसेन, म्हणाला. ओझेलाला क्षणभर हिशेब सुचलाही, तिचं जुनं पिस्तूल परत आणि वर पैसे. तिनं रुबीनेलकडे पाहिलं. रुबीनेल नळी उघडून त्यात बोट घालून बघत होती.

“तुम्हाला ठाऊक आहे का, तुमच्याकडे काय आहे?” तो माणूस कळवळून म्हणाला.

“आहे ठाऊक,” ओझेला म्हणाली. “सोळा हातांना पुरेल एवढं आहे.”

पुढच्या शनिवारी अर्था गेन्स आली. ती आपणहून आली नव्हती. ओझेला तिच्या ओसरीवर जाऊन बसली होती आणि माफी मागता मागता अर्ध्यात भांडली होती, आणि अर्थाला त्याच्यावरून खात्री पटली होती की माफी खरी आहे. खाणीत ओझेलानं सगळ्यांना आपला हात वर करून दाखवला. या हातानं आता काय होतं आणि काय होत नाही, ते न लाजता सांगितलं. मग निकेलचं पिस्तूल बाकावरून एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. एकीच्या बोटाला लोशन होतं, एकीच्या अंगठीनं मुठीजवळ ओरखडा उमटला. ती घाबरून बघायला लागली. ओझेलानं पुढे चल म्हणून मान हलवली.

अर्थानं कळ दाबली, गोळी ठेवली, नळी बंद केली, गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. कुणाची मदत नाही. तिचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तिनं गोळी झाडली. निशाण्याच्या कागदाला ती लागली नाही, खाली मातीत गेली.

“रडून मग झाड,” ओझेला मागून ओरडली. “आणि कोपर सरळ कर. वसंतातही हेच सांगत होते.”

अर्थानं नाक ओढलं, कोपर सरळ केलं आणि पुन्हा उभी राहिली.