लाजाळू कुणाला म्हणता?

माझा बाप लाजाळू नव्हता.

आज पहाटे आप्पा गेला. दुपारी स्मशानात माजी सरपंचांनी माइक घेतला आणि म्हणाले, "अत्यंत लाजाळू माणूस. कधी चारचौघांत पुढं आला नाही."

माझं डोकंच फिरलं.

आप्पा गवंडी. घरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. नकला करायचा, आईला चिडवायचा. जयंतीला भाषण ठोकायला लागला की शेवटी आजीच ओरडायची, "आरं, आता बस की!"

लाजाळू तो फक्त गावात. म्हणजे गावानं ठरवलेला.

सरपंचांच्या घरी लग्न असलं की आम्हा बौद्धवाडीला आवतण यायचं. पंगतीला बसा, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. ताट मागच्या दारी. एखाद्या पाहुण्यानं विचारलंच, तर सरपंचांचे वडील, नाना, हसून सांगायचे, "लई लाजाळू हायेत वो ती. पंगतीत बसत न्हाईत."

किती सोयीचा शब्द! भेदभाव यांचा, आणि स्वभाव म्हणे आमचा.

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल. नानांच्या मुलीचं लग्न. पुण्याच्या पाहुण्यांना नाना तेच ऐकवत होते, आप्पाच्या तोंडावर.

पाहुणे म्हणाले, "वा! किती साधा माणूस!"

आप्पानं माझा हात धरला आणि सरळ पंगतीच्या टोकाला जाऊन बसला.

शेजारचे दोघं उठून गेले. वाढपी बुंदीची परात घेऊन आमच्यापुढं थबकला. नानांकडं बघायला लागला.

आप्पा मोठ्यानं म्हणाला, "वाढ की रं. लाजतुयास कशापायी?"

पाहुण्यांदेखत नाना काय बोलणार? वाढलं.

आप्पानं दोनदा मागून घेतलं.

त्यानंतर आमच्या गावात, माल्यात, आप्पाला कुणी काम दिलं नाही. सायकल मारत पौडला, पिरंगुटला जायचा. आवतणही बंद झालं.

आणि आज माइकवर 'लाजाळू'?

मी उठले. म्हणाले, "लाजत न्हवता तो. तुमी कधी बसा म्हणाला न्हाईत."

सरपंच म्हणाले, "ताई, तुमी दुःखात हायसा."

"दुःखात हायेच. पर माझ्या बापाला खोटं बोलून पोचवू नका."

त्यांनी माइक खाली ठेवला. पुढचं मी बोलले. सगळं, नाना आणि बुंदीसकट.

जा आप्पा, ताठ मानेनं जा.

तुझ्या लेकीचा शेवटचा जय भीम.