कानबाईनं कौल दिला नाही तेव्हा

एचआयव्हीच्या गोळ्या मी कित्येक वर्षं न चुकता घेते आहे. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात माझीही तपासणी झाली, आणि तेव्हापासून देवापुढच्या दिव्यासारखा हाही माझा नेमच झाला. आजार ताब्यात आहे, असं दवाखान्यात दर वेळी सांगत. म्हणून यंदा श्रावणाच्या तोंडावर तिथल्या सिस्टरनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करवून घेतली आणि तिथे दुसराच विषाणू आहे, पांढरा चट्टा दिसतोय, असं म्हणाली, तेव्हा मला काही उमगेचना. "कॅन्सर लगता नहीं है, बेन. पर टुकडा जांचना पडेगा. छोड दिया तो आगे हो सकता है." पुष्कळ बायकांच्या अंगातून हा विषाणू आपोआप जातो, पण एचआयव्ही असला की तो रेंगाळतो, हेही तिनं समजावलं. मी मान डोलावली. कानात मात्र एकच शब्द राहिला: कॅन्सर.

इथे गुजरातेत, कोसाडच्या माझ्या खोलीत मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापताना डोक्यात तेच फिरायचं. गोळ्या चुकवल्या नाहीत, मग हे कुठून आलं? नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचंच असेल का? की देवीचा कोप? विचारायचं कुणाला? माझा आजार फक्त थोरल्या बहिणीला, अक्काला ठाऊक.

श्रावणात अक्काच्या घरी कानबाई, आमची खानदेशी कुळाची देवी, बसल्या. माझा उतरलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "काय व्हयनं वं माय तुले?" मी रडत सगळं सांगितलं. तिनं फक्त मला जवळ घेतलं. रोटांचा नैवेद्य झाला, आरती झाली. मग मी देवीच्या माथ्यावर फूल ठेवून कौल मागितला. उजवीकडे पडलं तर तुकडा तपासायला जाईन, डावीकडे पडलं तर नाही. हात जोडून बसले. फूल पडलंच नाही. सकाळी कानबाईला तापीवर निरोप दिला तोवर माझा गोंधळ दुपटीनं वाढला होता. देवीआई रागावली, की तिनं ऐकलंच नाही?

दुसऱ्या दिवशी तपासणीची वेळ ठरली होती. मी ती टाळून माल पोचवायला कतारगामला निघाले. गाठोडं घेऊन बसथांब्यावर उभी असताना एक म्हातारी गुजराती बाई जवळ आली. पांढरी साडी, हातात औषधांची पिशवी. "बेन, दवाखाने जवुं छे. एकलीने बीक लागे छे. तमे आवशो?"

दवाखान्यात जायला एकटीला भीती वाटते, सोबत येशील का, म्हणत होती. कोणता दवाखाना विचारलं, तर माझाच. मला नाही म्हणता आलं नाही. रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला होता. बायकांच्या विभागाशी तिला बसवून परत वळले, तोच समोरून सिस्टर आली. "आ गए, बेन? चलो, आपका ही नंबर है." मागे पाहिलं तर म्हातारी हसून म्हणाली, "जाओ, हुं बेठी छुं." ती तिथेच बसणार म्हणाली, म्हणून मी आत गेले.

बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. तिलाही आत बोलावलं असेल. बराच वेळ थांबले, ती दिसली नाही.

तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा बदल होता. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग काढून टाकला. आता ठरल्या वेळी पुन्हा तपासायला जायचं, गोळ्याही चालूच ठेवायच्या. अक्का म्हणते, ती कानबाईच होती. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. भ्यालेली एक म्हातारी होती, एवढं मला माहीत आहे; आणि तिला सोबत करायला गेले म्हणून मी वाचले, हेही. हा दुसरा विषाणू का आला, कुणामुळे आला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पूर्वी त्या उत्तरासाठी जीव कासावीस व्हायचा. आता हात जोडते तेव्हा एवढंच म्हणते, आई, मला समजलं नाही तरी चालेल. तू न्यायचं तिथे नेत राहा, मी येते.