चपलांची राखण

माझी पुण्याची मामेबहीण कॅरॅव्हॅन घेऊन जबलपूरला आली, तीही स्वतः चालवत. गाडीत ओटा, पलंग, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे! महिनाभर एकटीच गावोगावचे किल्ले नि देवळं पाहत हिंडून राहिली होती. माझा नुसता जळफळाट झाला. तरी तोंडभर हसत मी तिला भेडाघाटला नेलं.

चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्यांशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही जबलपूरवाले नशीबवान. मनात आलं की येता. वर काय काय आहे गं?"

मला काय ठाऊक! लग्न होऊन इथं आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मीच इथं आणते. पाहुणे वर जातात नि मी खाली त्यांच्या चपला, पिशव्या सांभाळत बसते. घरच्या माणसानं खाली थांबायचं, हीच आमच्याकडची रीत.

तिनंही चपला काढून, न विचारताच माझ्याकडे सरकवल्या.

मी माझ्याही काढल्या आणि तिच्या चपलांशेजारी ठेवल्या.

"तू सारा देश पाहून राहिलीस ना?" मी म्हटलं. "मग घडीभर बस इथं. मी माझं गाव पाहून येते."